स्तनांची घनता आणि कर्करोगाची तपासणी : स्त्रियांनी काय विचारावे?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या महिला सभेतील व्याख्यान)



ट्रस्टच्या महोत्सवात स्त्रियांच्या आरोग्यावर दोन शब्द बोलावेत अशी आज्ञा झाली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. आहार, रक्तक्षय, गुडघेदुखी असे सोयीचे विषय पुष्कळ होते. ते बाजूला ठेवून मी स्तनाच्या कर्करोगाचा विषय घेतला आहे. ज्या गोष्टीचे नाव चारचौघींत घेण्यास आपण संकोचतो, तिची माहिती आपल्यापर्यंत सर्वांत उशिरा पोचते, हा माझा अनेक वर्षांच्या डॉक्टरीतला अनुभव आहे. मागल्या रांगांत बसलेल्या बंधूंनी मात्र उठून जाऊ नये. बाईला बेळगावला किंवा कोल्हापूरला घेऊन जाणारा, रिपोर्टाचे पैसे भरणारा, आणि 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणणारा बहुधा तुमच्यापैकीच कोणी असतो. शिवाय हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो.

आकडे थोडेच सांगते. भारतातील स्त्रियांत जे कर्करोग आढळतात त्यांत स्तनाचा कर्करोग आज पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजाप्रमाणे त्या एका वर्षात आपल्या देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना हा रोग झाल्याचे निदान झाले व सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. पाश्चात्त्य देशांत हा रोग ज्या वयात दिसतो त्यापेक्षा आपल्याकडे तो साधारण दहा वर्षे आधी दिसतो. म्हणजे मुलांची शिक्षणे व्हावयाची आहेत, सासूसासऱ्यांचे पाहावयाचे आहे, अशा ऐन संसाराच्या वयात. आणि वेळेवर सापडला तर हा रोग बरा होण्यासारखा आहे, म्हणून त्या ९८ हजारांचे दुःख अधिक.

वेळेवर सापडण्यासाठी ज्या तपासण्या आहेत त्यांत मॅमोग्राफीचे नाव आता पुष्कळ जणींनी ऐकले आहे. मॅमोग्राफी म्हणजे स्तनांचा क्ष-किरण फोटो. वर्तमानपत्रांत जाहिराती येतात, शिबिरे भरतात, आणि बाई एकदा फोटो काढून आली व रिपोर्टात काही निघाले नाही की घरातले सगळे सुटकेचा निश्वास टाकतात. हा निश्वास नेहमीच खरा असतो काय, एवढाच आज माझा प्रश्न आहे. फोटो काढू नका असे मी म्हणत नाही. तो काढलाच पाहिजे. परंतु त्याच्या रिपोर्टात एक ओळ असते, जी बहुतेक बायकांना कोणी वाचून दाखवीत नाही. ती ओळ स्तनाच्या घनतेची.

घनता म्हणजे काय ते पाहू. स्तनात दूध तयार करणाऱ्या ग्रंथी असतात, दूध वाहून नेणाऱ्या नळ्या असतात, त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात, आणि या सर्वांच्या मध्ये भरलेली चरबी असते. प्रत्येक स्त्रीच्या ठिकाणी यांचे प्रमाण निराळे. क्ष-किरणांच्या फोटोत चरबी काळसर दिसते. ग्रंथी आणि तंतू पांढरे दिसतात. ज्या स्तनात ग्रंथी व तंतू पुष्कळ आणि चरबी थोडी, तो फोटोत पांढराशुभ्र दिसतो. त्याला डॉक्टर 'डेन्स' म्हणजे घन स्तन म्हणतात. आता अडचण अशी, की कर्करोगाची गाठही फोटोत पांढरीच दिसते.

आपण तांदूळ निवडतो तेव्हा काळा खडा चटकन डोळ्यांत भरतो. पांढरा खडा मात्र सुपातून सुटतो, ताटात येतो, आणि दाताखाली आल्यावर कळतो. त्यात निवडणारीचा दोष नसतो, रंगच तसा. घन स्तनाच्या फोटोत डॉक्टरांची गत नेमकी हीच होते. चरबीच्या काळसर भागात लहानशी गाठही उठून दिसते. पांढऱ्या भागात चांगली मोठी गाठही दडून राहू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हाताला घट्ट लागतो तो स्तन घन आणि मऊ लागतो तो घन नव्हे, असे नाही. आकाराशीही याचा संबंध नाही. घनता हाताला समजत नाही, आरशात दिसत नाही. ती फोटोतच दिसते. म्हणून फोटो न काढलेल्या बाईला आपली घनता ठाऊक असणे शक्य नाही, आणि फोटो काढलेल्या बाईला ती कोणी सांगितल्यावाचून कळणे शक्य नाही.

घनता हा रोग नव्हे. तरुणपणी बहुतेकींचे स्तन घनच असतात. वय वाढते, पाळी जाते, तशी ती सामान्यतः कमी होत जाते. सडपातळ बाईत ती अधिक आढळते, आईकडून मुलीकडे येते, आणि पाळी गेल्यानंतर घेतलेल्या काही हार्मोनच्या गोळ्यांनी वाढतेही. खाण्यापिण्यातल्या चुकीने किंवा पूर्वजन्मीच्या पापाने ती येत नाही. असे स्पष्ट सांगावे लागते, कारण आपल्याकडे बाईच्या शरीरात काहीही निराळे निघाले की पहिला प्रश्न 'तू काय केलेस?' असा येतो.

रिपोर्टात ही घनता चार वर्गांत लिहितात: ए, बी, सी आणि डी. 'ए' म्हणजे जवळजवळ सगळी चरबी; 'बी' म्हणजे मधूनमधून घन भाग; 'सी' म्हणजे बराचसा घन; 'डी' म्हणजे अतिशय घन. सी आणि डी या दोन वर्गांना मिळून घन स्तन म्हणतात. अमेरिकेत चाळिशीपुढच्या स्त्रियांचा हिशेब केला तेव्हा शंभरातल्या सुमारे दहा जणी 'ए' वर्गात, चाळीस 'बी'त, चाळीस 'सी'त आणि दहा 'डी'त निघाल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रिया घन वर्गात. इतकी सामान्य गोष्ट असूनही तिची वाच्यता इतकी थोडी व्हावी, याचे मला नवल वाटते.

या अक्षरांशेजारी रिपोर्टात एक अंकही असतो, आणि पुष्कळ सुशिक्षित घरांतही या दोहोंची गल्लत होते. अंकाला 'बाय-रॅड्स' म्हणतात. तो रोगाच्या संशयाविषयी सांगतो. एक व दोन म्हणजे कर्करोगाचे चिन्ह नाही. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी, पण काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. चार व पाच म्हणजे संशय आहे, तुकडा काढून तपासावा. शून्य म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी तपासणी हवी. शून्य आले म्हणून पेढे वाटू नयेत! आता समजा एखादीच्या रिपोर्टात अंक 'एक' आहे आणि अक्षर 'डी' आहे. याचा अर्थ डॉक्टरांना काही दिसले नाही, पण दिसणेही कठीण होते. नुसता अंक वाचला की अर्धीच हकीकत कळते.

दुसरीही एक बाजू आहे. घनतेमुळे गाठ लपते इतकेच नव्हे, तर घन स्तनात कर्करोग होण्याचा संभवही काहीसा अधिक असतो. 'डी' वर्गातल्या स्त्रीची 'ए' वर्गातल्या स्त्रीशी तुलना केली तर तो चौपट ते सहापट भरतो असे अभ्यास सांगतात. हा आकडा ऐकून छातीत धस्स होते. पण 'ए' वर्गातल्या स्त्रिया मुळातच थोड्या. सर्वसाधारण स्त्रीशी तुलना केली तर 'डी' वर्गाचा धोका सुमारे दुप्पट भरतो, आणि त्या वर्गातल्याही बहुतेक स्त्रियांना हा रोग जन्मात होत नाही. आकडा कोणाशी तोलून सांगितला आहे हे विचारल्याशिवाय घाबरू नये.

ही गोष्ट बायकांना सांगितली पाहिजे, असा आग्रह प्रथम धरला तो डॉक्टरांनी नव्हे, एका रुग्ण स्त्रीने. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात नॅन्सी कॅपेलो नावाची शिक्षणखात्यात काम करणारी विदुषी होती. दहा-अकरा वर्षे ती दरवर्षी नेमाने फोटो काढून घेत असे आणि दरवर्षी रिपोर्ट उत्तम येत असे. असाच एक उत्तम रिपोर्ट आल्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २००४ सालच्या फेब्रुवारीत, तिच्या डॉक्टरांच्या हाताला स्तनात काहीतरी लागले. पुन्हा फोटो काढला. त्यात काहीच नाही. मग सोनोग्राफी केली, तेव्हा सुमारे अडीच सेंटिमीटरची गाठ निघाली. रोग काखेतल्या तेरा ग्रंथींत पोचला होता. तिने विचारले, इतकी वर्षे फोटोत हे का दिसले नाही? उत्तर मिळाले, तुमचे स्तन घन आहेत. तिचा पुढचा प्रश्न असा, की हे तुम्हांला ठाऊक होते, तर मला का सांगितले नाही?

या प्रश्नाला समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. आजारातून उठून ती बाई विधिमंडळापर्यंत गेली. २००९ साली कनेक्टिकटमध्ये स्त्रीला तिची घनता कळविण्याचा कायदा झाला. मग एकेक करून इतर राज्यांनी तसे कायदे केले. नॅन्सीबाई २०१८ साली वारल्या. १० सप्टेंबर २०२४ पासून सबंध अमेरिकेत मॅमोग्राफी करणाऱ्या प्रत्येक केंद्राने स्त्रीला तिचे स्तन घन आहेत किंवा नाहीत हे लेखी कळविलेच पाहिजे, असा नियम अमलात आला आहे.

आपल्याकडे अशी सक्ती नाही. रिपोर्टात अक्षर असते, पण ते इंग्रजीत, डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी लिहिलेले. आपल्या सीमाभागात तर त्रिवेणी संगम आहे: रिपोर्ट इंग्रजीत, सरकारी फॉर्म कन्नडमध्ये, आणि बाईचे दुखणे मराठीत. कायद्याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. एक वाक्य पाठ करून जावे: 'डॉक्टर, माझी घनता कोणत्या वर्गातली?' मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, मोडक्या हिंदीत विचारा. याचे उत्तर एका अक्षरात देता येते. डॉक्टरांचा वेळ जात नाही.

उत्तर 'सी' किंवा 'डी' आले तर पुढे काय? दुसरा उपाय सोनोग्राफीचा. तिच्यात क्ष-किरण नसतात आणि घन भागातली गाठही पुष्कळदा निराळी ओळखू येते. सोनोग्राफी म्हटली की आपल्याकडे गरोदरपण आणि दारावरची 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आठवते, आणि पन्नाशीच्या बाईला त्या खोलीबाहेर बसण्याची लाज वाटते. लाज वाटण्याचे कारण नाही; ते यंत्र पोटाचे पाहते तसे छातीचेही पाहते. जपानमध्ये चाळीस ते एकोणपन्नास वयाच्या जवळजवळ ७३ हजार स्त्रियांवर याचा मोठा प्रयोग झाला. नुसत्या मॅमोग्राफीने शंभरातले ७७ कर्करोग पकडले गेले. जोडीला सोनोग्राफी केली तेव्हा ९१. आशियातल्या, आणि तरुण म्हणावे अशा वयाच्या स्त्रियांवरचा हा प्रयोग असल्यामुळे आपल्याला तो जवळचा आहे. हॉलंडमध्ये 'डी' वर्गातल्या स्त्रियांची जादा एमआरआय तपासणी केली, तेव्हा दोन नियमित तपासण्यांच्या मधल्या काळात अचानक उद्भवणारे कर्करोग हजारात पाचांवरून अडीचवर आले.

याची किंमतही सांगितली पाहिजे, एरवी मी जाहिरात करीत आहे असे होईल. हॉलंडच्या त्याच प्रयोगात पहिल्या फेरीत एमआरआय झालेल्या दर हजार स्त्रियांपैकी सुमारे ऐंशींना संशयावरून पुढच्या तपासण्या कराव्या लागल्या आणि शेवटी काही निघाले नाही. ते दिवस त्या बायकांनी कसे काढले असतील याची कल्पना करा. एमआरआयचा खर्चही सामान्य घराला न झेपणारा. अशा जादा तपासण्यांनी मृत्यू किती टळतात याचा पुरेसा पुरावा अद्याप नाही, असे अमेरिकेच्या तज्ज्ञमंडळाने २०२४ सालीही म्हटले आहे. म्हणून प्रत्येक घन स्तनाला प्रत्येक तपासणी, असा नियम नाही. वय किती, आई-बहीण-मावशीला हा रोग होता काय, घनता 'सी' की 'डी', हे सर्व पाहून डॉक्टरांनी व बाईने मिळून ठरवावयाचे असते. पण मिळून ठरवावयाचे तर बाईला आधी माहिती हवी.

इथवर मी ज्या स्त्रीविषयी बोलले तिला फोटो काढणे परवडते. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणारी किंवा घरी विड्या वळणारी बाई घ्या. विड्यांची मजुरी हजारी हिशेबाने मिळते. कोल्हापूर जवळ म्हटले तरी एक दिवस मोडला की त्या दिवसाच्या विड्या गेल्या. (तंबाखूचा आणि या रोगाचा संबंध मी येथे जोडीत नाही; मजुरीविषयी बोलते आहे.) वडगाव-शहापुरातल्या मागांवर काम करणारीची कथा निराळी नाही. तिला घनतेची अक्षरे सांगून काय उपयोग, असे कोणी विचारील.

तिच्यासाठी उपाय आहे, आणि तो आपल्याच मुंबईत कसोटीला लावलेला आहे. आपल्या भागातल्या माणसांना कर्करोग म्हटला की परळचे टाटा रुग्णालय आठवते. १९४१ साली निघालेल्या या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या झोपडवस्त्यांत एक दीर्घ प्रयोग केला. पस्तीस ते चौसष्ट वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रिया त्यात होत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना त्यांनी हाताने स्तनांची तपासणी करण्याचे शिक्षण दिले. यंत्र नाही, फिल्म नाही, बोटांचे शिक्षण. दर दोन वर्षांनी एक अशा चार फेऱ्या झाल्या. निम्म्या वस्त्यांतील स्त्रियांची अशी तपासणी झाली, उरलेल्यांना रोगाची माहिती देण्यात आली, आणि दोन्हींवर वीस वर्षे लक्ष ठेवण्यात आले.

निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या वस्त्यांत शंभरातील ४७ कर्करोग पुढच्या, अवघड अवस्थेत सापडले. तपासणी झालेल्या वस्त्यांत ३७. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा लाभ दिसला नाही, आणि सर्व वयांचा एकत्र हिशेब केला तर मिळालेला फरक निश्चित म्हणण्याइतका मोठा नाही. हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. तरीपण दहावी शिकलेल्या बाईच्या बोटांनी जर पन्नाशीपुढच्या इतक्या बायकांचे प्राण वाचत असतील, तर त्या बोटांना मी कोणत्याही यंत्राइतका मान देईन.

सरकारी कार्यक्रमातही तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक स्त्रीची दर पाच वर्षांनी अशी हाताने तपासणी व्हावी असे २०१६ पासून ठरलेले आहे. आरोग्यकेंद्रात ती फुकट होते. आशा कार्यकर्ती दारात येऊन वय, व्यसन, दुखणे विचारते तेव्हा तिला 'काही नाही हो, सगळे बरे आहे' म्हणून वाटेला लावू नका. ती कन्नड बोलणारी असेल तर 'गंटु' म्हणा; आपली गाठ तीच त्यांची गंटु, दोन्ही भाषांत दोरीला पडते ती आणि अंगात येते तीही.

आणि स्वतःच्या हाताने पाहावे की नाही? चीनमधील शांघाय शहरात कापडगिरण्यांतल्या २ लाख ६६ हजार कामगार स्त्रियांवर याचा प्रयोग झाला होता. दरमहा ठरावीक पद्धतीने चाचपण्याचे शिक्षण दिलेल्या बायकांत मृत्यू कमी झाले नाहीत. निरुपद्रवी गाठींच्या शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. म्हणून आता तिथीवार घालून चाचपा असे आम्ही सांगत नाही. आपले अंग नेहमी कसे असते याची ओळख असू द्या, आणि काही नवे दिसले तर दाखवा, इतकेच सांगतो. नवी गाठ, काखेतली गाठ, कातडीला पडलेली खळी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारे रक्त, ही दाखविण्याची लक्षणे. पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि 'दुखत नाही, मग कशाला जायचे' या एका वाक्यापायी आपल्याकडे फार बायका गेल्या आहेत.

घनतेचा आणि या हाताच्या तपासणीचा सांधा येथे जुळतो. हाताला गाठ लागली आहे आणि फोटो स्वच्छ आला, तर फोटोवर विसंबून घरी बसावयाचे नाही. गाठीचा उलगडा झालाच पाहिजे: सोनोग्राफीने, आणि लागल्यास सुईने तुकडा घेऊन. 'सहा महिन्यांपूर्वीच सगळे क्लिअर आले होते' हे वाक्य हाताला लागलेल्या गाठीपुढे चालत नाही. नॅन्सीबाईंची गाठ यंत्राच्या आधी माणसाच्या हाताला लागली होती हे ध्यानात असू द्यावे.

सोयीच्या दृष्टीने आपला भाग पूर्वीसारखा राहिलेला नाही. बेळगावात केएलई संस्थेच्या कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन ३ जानेवारी २०२५ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. निपाणीकरांना कोल्हापूर जवळ पडते, मिरजेलाही कर्करोगाचे रुग्णालय आहे. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवावे व योजनेची चौकशी दाखल होण्यापूर्वीच करावी. आपला मुलूख दोन राज्यांच्या शिवेवर असल्याने कोणते कार्ड कोणत्या दवाखान्यात चालते हे तेथे गेल्यावर कळून उपयोगाचे नाही.

माझ्यापुढे काही चिठ्ठ्या आल्या आहेत, त्यांना उत्तरे देते.

पहिलीत विचारले आहे, फोटो काढताना फार दुखते काय? मंगळसूत्र काढावे लागते काय? स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात, तेवढे काही क्षण त्रास होतो. पाळीच्या आधीच्या दिवसांत स्तन हुळहुळे असतात, म्हणून पाळी येऊन गेल्यानंतरचा आठवडा निवडावा. मंगळसूत्र काढावे लागते. पदराच्या गाठीत बांधून ठेवावे, त्याने काही अशुभ होत नाही. त्या दिवशी काखेत पावडर लावू नये, तिचे कण फोटोत ठिपके होऊन दिसतात. क्ष-किरणांचे प्रमाण फार थोडे असते. सुमारे सात आठवड्यांत निसर्गातून आपल्याला आपसूक मिळते तितके.

दुसरी चिठ्ठी: सुई लावली की कर्करोग पसरतो, हे खरे काय? नाही. रोग पसरतो तो सुईच्या भीतीने घालविलेल्या महिन्यांत.

तिसरी कोणा आजीबाईंची दिसते. चार मुलांना अंगावर पाजले आहे, मला हा रोग होणार नाही ना? आजी, अंगावर पाजल्याने धोका कमी होतो हे खरे. बारा महिने पाजण्यामागे सुमारे चार टक्के, असा मोठ्या अभ्यासाचा हिशेब आहे. पण कमी होतो, नाहीसा होत नाही. तुमचे वय झाले म्हणून तपासणीची गरज संपत नाही, उलट वयाबरोबर धोका वाढतो. सुनेबरोबर आरोग्यकेंद्रात जाऊन या, आणि सुनेचीही तपासणी करून घ्या.

शेवटच्या चिठ्ठीत नाव नाही. लिहिले आहे, 'दोन वर्षांपूर्वी फोटो काढला होता, रिपोर्टात सी लिहिले आहे, कोणी काही सांगितले नाही. आता काय करू?' बाई, जुनी फिल्म आणि रिपोर्ट शोधून ठेवा. फिल्मची घडी घालू नका, सपाट ठेवा. नवा फोटो काढावयाचा तो शक्य तर जुन्याशी ताडून पाहता येईल अशा ठिकाणी काढा, आणि तुमच्या बाबतीत सोनोग्राफी करावी काय हे तेथेच विचारून घ्या. मी सभा संपल्यावर अर्धा तास येथेच थांबणार आहे. रिपोर्ट बरोबर नसला तरी भेटा.